कंदुरीचा वाटा आणि गार पाण्याची बादली

गोठलेले मटण घाईने कसे मोकळे करावे, हा प्रश्न आमच्या वसमत गावात सहसा कुणाला पडत नाही. आमच्याकडे मटण रविवारी सकाळी येते, दुपारी ताटात पडते आणि रस्सा उरलाच तर संध्याकाळी भाकरीबरोबर संपतो. गोठायला त्याला सवडच मिळत नाही. फ्रीजचा वरचा कप्पा बर्फासाठी असतो आणि बर्फ उन्हाळ्यातल्या पाहुण्यांसाठी. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. ‘पदार्थाच्या अवस्था’ हा धडा इतक्या तुकड्यांना शिकवला आहे, की तो आता मी पुस्तक न उघडता घेते. परंतु त्या धड्याची खरी परीक्षा झाली ती वैशाखातल्या एका दशमीला, माझ्याच घरच्या मोरीत.

आधी पार्श्वभूमी सांगणे आवश्यक आहे.

माझा थोरला भाऊ कुरुंद्याला शेती करतो. हळद हे त्याचे मुख्य पीक. आदल्या वर्षी त्याच्या लहानग्या नातवाचा ताप काही केल्या उतरेना, तेव्हा दादा गावाबाहेरच्या पिरापाशी जाऊन कंदुरी बोलला. म्हणजे लेकरू बरे झाले तर पिराला बोकड कापायचे आणि रानात चुली मांडून भावकीला जेवू घालायचे. वहिनी शेजारीच उभी होती. ती बऱ्याच वर्षांपासून माळकरी. तिने त्याच दमात पुढची कडी जोडली, की कंदुरी फिटली की तुम्हीही माळ घालायची आणि मटणमासळी कायमची सोडायची. दादाने मान डोलावली. तापलेले लेकरू मांडीवर असताना माणूस कशालाही मान डोलावतो.

नातू बरा झाला. हळद उकडून, वाळवून झाल्यावर फाल्गुनात कंदुरीही झाली. पण तिच्या थोडेच दिवस आधी दादाच्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते आणि डॉक्टरांनी चुलीच्या धुरात जायला सक्त मनाई केली होती. जो कंदुरी बोलला तोच घरी राहिला. आता आमच्या माहेरची रीत अशी, की बोलणाऱ्याच्या तोंडात वाटा पडल्याखेरीज कंदुरी फिटली असे म्हणता येत नाही. आणि तो वाटा सगळा संपवायचा, पानात टाकायचा नाही. म्हणून दादाचा कच्चा वाटा हळद-मीठ लावून बाजूला काढला गेला. वहिनीच्या फ्रीजमध्ये तो जाणे शक्य नव्हते. तो माझ्याकडे आला.

डबा भरण्याचे काम आमच्या ह्यांनी केले. गोठवायचा पदार्थ नेहमी पातळ, पसरट थरात ठेवावा, म्हणजे तो लवकर गोठतो आणि लवकर सुटतो. ह्यांनी तो कडीच्या डब्यात ठासून भरला. कडीच्या डब्याचे पोट मोठे आणि गळा लहान असतो, हे मी त्यांच्या नजरेला आणून दिले.

“मग? दूध सांडत नाही, तर मटण कसं सांडेल?” असे त्यांचे उत्तर होते.

मी एक खबरदारी मात्र घेतली. एका वाटीत पाणी गोठवले आणि त्या बर्फावर एक रुपयाचे नाणे ठेवून ती वाटी डब्याशेजारी ठेवली. वीज फार वेळ गेली, बर्फ वितळला आणि मागून पुन्हा गोठला, तर नाणे तळाशी सापडते. नाणे वरच दिसले तर समजावे, की आतले सगळे जसेच्या तसे गोठलेले आहे. ही युक्ती घरोघरी करावी. खर्च रुपयाचा, तोही परत मिळतो.

माळ घालायची ती एकादशीला, म्हणून वाटा तिच्या आत संपायला हवा होता. पण एकादशा येत गेल्या आणि दादा येत गेला नाही. एकदा मोंढ्यात हळदीचा लिलाव निघाला. एकदा आखाडा बाळापूरला कुणाचे तरी लग्न निघाले. कुणाचे, हे त्याला नीट सांगता आले नाही. एकदा गुडघा निघाला. प्रत्येक रविवारी मी फ्रीज उघडून पाहत असे. रुपया जागच्या जागी असे.

मग ती दशमी आली. शाळेला सुटी होती. सकाळची भांडी आवरून मी बसते न बसते तोच वहिनीचा फोन आला.

“वन्सं, तुमच्या भावाला गाडीत बसवून दिलंय. उद्या एकादशी. बुवांना सांगून ठेवलंय, माळ आणून देवापाशी ठेवलीय. आज दुपारी त्यो वाटा त्यांच्या तोंडात गेलाच पायजे. सांजच्याला ते भजनाला बसणार, मग काई खायचं न्हाई.”

“अहो वहिनी, रात्री तरी सांगायचं. त्याचा दगड झालाय आत. रात्रीच खालच्या कप्प्यात उतरवून ठेवला असता, तर सकाळपर्यंत आपोआप सुटला असता.”

“रातीच्याला सांगितलं असतं, तर ते आले असते व्हय? गुडघा दुखला असता. म्या त्यांना आत्ता चहा पिताना सांगितलं आन् पिशवी हातात देली.” मग वहिनीचा आवाज थोडा खाली आला. “तुमी येवढं शाळंत शिकवता, एक गोळा सुटंना व्हय तुमाला? आन् त्यांच्याजवळून हालू नका.”

शेवटच्या वाक्याकडे मी लक्ष द्यायला हवे होते. पण त्याआधीच्या वाक्याने माझा शिक्षकी स्वाभिमान जागा केला होता.

दादा आला तेव्हा त्याच्या पिशवीत कैऱ्या होत्या आणि चेहरा कैरीसारखाच होता. एरवी तो आमच्या दारात आला, की गल्लीच्या तोंडापासून त्याचा आवाज येतो. वहिनीने माळ घातल्यापासून तो महिन्यातून दोनेक रविवार तरी आमच्याकडे यायचा, मटण खायचा, ह्यांच्याशी पत्ते कुटायचा आणि पाट्यावरचे वाटण आमच्या आईसारखे जमले की नाही, याचा निकाल देऊन परत जायचा. निकाल बहुधा नाही असाच असे. त्या दिवशी तो गुपचूप आला, चपला ओळीत काढल्या आणि बैठकीत पंख्याखाली बसला.

“काय म्हणतोय वाटा?” त्याने विचारले. आजारी माणसाची चौकशी करावी तसा सूर होता.

“चल, दाखवते.”

आमचा फ्रीज बैठकीत आहे. घेतला तेव्हा तो लोकांना दिसावा असा ह्यांचा आग्रह होता, आणि पुढे स्वयंपाकघरात जागाच उरली नाही. मी रुपया पाहिला, वर होता. डबा काढला. बाहेरून पाण्याची धार धरल्यावर गोळा कडेपासून सुटला आणि आतल्या आत गरगर फिरू लागला, पण गळ्यातून बाहेर येईना. मी ह्यांच्याकडे पाहिले. हे वर्तमानपत्राकडे पाहू लागले. शेवटी गळ्यापाशी धार धरत धरत, गोळ्याचे खांदे झिजवून, मी तो बाहेर काढला. पिवळाजर्द, गोलमटोल आणि कठीण. दादाने त्यावर बोटाच्या पेरांनी टकटक केली.

“ह्याच्यावर नारळ फुटंल,” तो म्हणाला. त्याची कळी किंचित खुलली, हे मला तेव्हा नुसते दिसले. त्याचा अर्थ लागला नाही.

एवढ्यात शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या आणि प्रसंगाचे गांभीर्य पाहून थांबल्याच. अशा वेळी चार माणसे जमली, की उपाय पाच निघतात.

काकूंचा उपाय कढत पाण्याचा होता. “उकळतं पानी ओता वरून. काय वितळत न्हाई मग?”

मी त्यांना समजावले. कढत पाण्याने बाहेरचा थर पांढरा पडून शिजू लागतो आणि आत बर्फ तसाच राहतो. गाइड पाठ करणाऱ्या विद्यार्थ्यासारखे होते ते: वरवर पाहता उत्तर तयार, जरा खोल विचारले की कच्चे. शिवाय बाहेरचे मांस कोमट होऊन बराच वेळ राहिले, तर नासते.

हे म्हणाले, “गच्चीवर ठेवू. पापड बघता बघता वाळतोय, गोळा सुटणार नाही?”

“पापड वाळावा लागतो, मटण नाही. आणि गच्चीवर मांजरी आहेत.”

“मी राखण बसतो.”

“मागच्या खेपेला तुम्ही पापडांची राखण करत होतात आणि पापड चिमण्यांनी नेले.”

मग मी स्वतः एक उपाय तपासला आणि स्वतःच बाद केला. अॅल्युमिनिअम उष्णता झटकन वाहून नेते. म्हणून गोठलेला तुकडा अॅल्युमिनिअमच्या पालथ्या भांड्यावर ठेवला आणि वरून पाणी भरलेले दुसरे भांडे ठेवले, तर तो नुसत्या ओट्यावर सुटायला जेवढा वेळ घेतो, त्याहून पुष्कळच लवकर सुटतो. परंतु तुकडा सपाट हवा. आमचा गोळा भांड्याला टेकणार तो एका टिंबात. भूमितीत वर्तुळ आणि स्पर्शिका यांचा जो संबंध असतो तोच.

राहिला कुकर. गोठलेले मांस तसेच शिजवता येते. वेळ साधारण दीडपट लागतो एवढेच. तेवढे सुटे तुकडे असते, तर मी तेच केले असते. गोळ्याचे काय होईल याची मला शंका होती, तरी वेळ पाहता मी कुकर खाली काढला. आणि दादा, ज्याने आजवर स्वयंपाकातल्या कोणत्याही कृतीत चव सोडून कशातही मत दिले नव्हते, ताडकन उठून उभा राहिला.

“ए मास्तरीण! कंदुरीचा वाटा हाय त्यो. कुकरात कोंबून शिट्ट्या मारायच्या व्हय? पिराला काय वाटंल?”

“मग काय करू म्हणतोस?”

“सावकास होऊ दे की. म्या कुटं पळून चाललो?”

हे त्या घरातले त्या दिवसाचे सर्वांत खोटे वाक्य होते. पण मी गृहीत धरले, की श्रद्धेचा मुद्दा आहे. मी कुकर परत ठेवला.

म्हणून राहिला तो मार्ग, जो मी पहिल्यापासून मनात धरला होता. गोळा चेन लावलेल्या जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालायचा, आतली हवा दाबून काढायची, पिशवी गार पाण्यात पूर्ण बुडवायची आणि दर अर्ध्या तासाने पाणी बदलायचे. काकूंना हे मुळीच पटले नाही.

“थंडीनं काकडलेल्याला गार पान्यानं आंगूळ? बाई, तुमी शाळंत असंच शिकवता काय?”

“काकू, त्या गोळ्याच्या मानाने माठातलं पाणीसुद्धा गरम आहे. आणि हवेपेक्षा पाणी उष्णता फार लवकर पोचवतं. उन्हात उभं राहिलं तर माणूस हळूहळू तापतो, पण तेवढ्याच तापलेल्या पाण्यात हात घातला तर लगेच काढून घेतो. तसंच हे.”

“मला न्हाई बाई समजत,” असे म्हणून काकू विरजण घेऊन गेल्या. पण जाताना दादाला म्हणाल्या, “दादा, आजचा दिस जेवून घ्या पोटभर. उद्यापासून तुमची आमची येकच पंगत, वरन-भाताची.” काकूही माळकरी, पण विरजणापुरती सूट त्यांनी घेतलेली. दादा हसला, पण ते हसणे ओठांपुरतेच होते.

इथे एक स्थानिक अडचण नमूद करते. पुस्तकात नळाचे गार पाणी वापरावे असे लिहिलेले असते. पुस्तक लिहिणाऱ्याने वैशाखात आमच्या गच्चीवरच्या काळ्या टाकीतले पाणी पाहिलेले नसते. त्या पाण्यात चहापत्ती टाकली तरी रंग उतरेल. म्हणून मी मोरीत बादली ठेवली, रांजणातले पाणी भरले, पिशवी बुडवली आणि ती तरंगू नये म्हणून वर वरवंटा ठेवला. झाकणही ठेवले, कारण माश्या.

“पानी बदलायचं काम माझ्याकडं दे,” दादा म्हणाला. “तू वाटन कर. खोबरं चांगलं काळं भाजून घे.”

माझ्या घरी दादा इतकी वर्षे येतो आहे. पाण्याचा तांब्याही त्याने कधी हाताने भरून घेतलेला नव्हता. परंतु आदल्या दिवशी पापी आणि दुसऱ्या दिवशी माळकरी व्हायचे, तर मधल्या दिवशी माणूस जरा कामसू होत असेल, असे मला वाटले. मी त्याला पाट दिला. तो मोरीच्या उंबऱ्याशी, बादलीसमोर, पूजेला बसावा तसा बसला.

मी खोबरे भाजले, कांदा भाजला, खसखस, धने, तीळ, सगळे पाट्यावर घेतले. पहिले पाणी बदलायच्या वेळी मी जाऊन हात घालून पाहिला. पाणी चांगलेच गार झाले होते. हे अपेक्षितच. गोळ्याला उष्णता मिळाली म्हणजे ती पाण्याने दिली. ज्याने दिले तो थंड पडणार. पिशवीवरून अंगठा दाबला, तर बाहेरचे तुकडे किंचित हलले. मी समाधानाने परतले.

दुसऱ्या वेळी पाणी पहिल्याहून गार होते.

मी थोडी थांबले. गोळ्याची थंडी कमी होत जायला हवी; म्हणजे दुसरे पाणी पहिल्याइतके गार पडता कामा नये. “पाणी बदललंस ना?” मी विचारले.

“मंग! तुज्या म्हनन्याबराबर. रांजनातलंच.”

बर्फ वितळत असतो तेव्हा तो उष्णता घेत राहतो, तरी त्याचे तापमान चढत नाही. ती उष्णता आत कुठे जाते ते वरून दिसत नाही, म्हणून तिला सुप्त उष्णता म्हणतात. मी मुलांना सांगत असते, की बर्फ गप्प दिसला म्हणजे तो काही करत नाही असे समजू नका. त्याच नियमाने काही घडत असेल, अशी मी मनाची समजूत घातली आणि भाकरीचे पीठ मळायला घेतले.

तिसऱ्या वेळी पाण्यात हात घातला आणि कोपरापर्यंत शिरशिरी गेली. बोटांची नखे दुखू लागली. हे पाणी रांजणातले नव्हते. आमच्या रांजणाची एवढी ताकद असती, तर आम्ही फ्रीज घेतलाच नसता. मी वरवंटा उचलला, पिशवी बाहेर काढली आणि बादलीच्या तळाशी चाचपून पाहिले.

तळाशी रुपया होता.

मी तो बाहेर काढून पदराला पुसला. दादा समोरच्या भिंतीवरची पाल निरखून पाहू लागला. मी बैठकीत गेले आणि फ्रीजचा वरचा कप्पा उघडला. बर्फाचा ट्रे रिकामा होता, उलटा ठेवलेला. शेजारची वाटीही रिकामी.

“अहो,” मी ह्यांना विचारले, “दादा इथे आला होता?”

“हो की, आले होते दोन-तीनदा,” हे वर्तमानपत्रातून म्हणाले. “डोळा जळजळतोय म्हणाले, बर्फ धरतो. मी म्हटलं, सगळा घ्या. ऑपरेशन झालेला डोळा आहे.”

मी मोरीत परत आले. रुपया दादाच्या समोर, पाटाच्या कडेवर ठेवला.

“दादा, हा तुझ्या डोळ्यातून पडला का?”

तो रुपयाकडे बघत राहिला. मग त्याच्या खांद्यांना आधी हसू आले आणि मग तोंडाला. “तूच म्हनलीस, गार पानी पायजे. म्या गार केलं.”

“हे गार नाही, हे बर्फाचं पाणी आहे. बर्फाच्या पाण्यात बर्फ सुटत नाही. सातवीतल्या पोराला कळतं.”

“मलाबी कळतं,” दादा म्हणाला. “म्हनून तर टाकला.”

मी उंबऱ्यावरच बसले. ओट्यावर कढई तापत होती, ती ह्यांना बंद करायला सांगितली.

“माळ घालायची नाही का तुला? तसं असेल तर वहिनीला सांग सरळ.”

“तसं न्हाई ग.” त्याने रुपया उचलून तळहातावर उलटासुलटा केला. “लेकरू तापलं व्हतं, तवा म्या बोललो. लेकरू उठून खेळाया लागलं. बोललेलं फिटलंच पायजे, त्यात माजं काई म्हननं न्हाई. पन काहून आजच? म्या कंदुरी कदी फिटल ते बोललो न्हवतो.”

“पीर वाट बघत बसलाय तिकडं.”

“पिराला काई तकलीफ न्हाई. तुज्या वहिनीला हाय.” मग म्हणाला, “मटनाचं काय, म्या सोडल. तंबाखू न्हाई सोडली व्हय? पन उद्या माळ पडली गळ्यात, की तुज्या घरचं पानीबी विचारून प्यायचं. ज्या भांड्यात मटन शिजतं, त्या घरचा वरन-भात चालत न्हाई आमच्या बुवांना. मंग रविवारी वसमतीला म्या यायचं काहून? दाढी कराया?”

वहिनी माळकरी झाल्यापासून माझ्याकडे जेवलेली नव्हती, हे मला ठाऊक होते. येते, चहा घेत नाही, ओटीत तांदूळ घालून घेते, जाते. तेच दादाच्या बाबतीत होणार, हे मी अंकगणितासारखे जाणत असायला हवे होते, पण मी ते मांडूनच पाहिले नव्हते. पाट्यावरचे वाटण आईसारखे झाले नाही, असे महिन्यातून दोनदा मला कोण सांगणार होते?

“तुझ्यासाठी वेगळी भांडी घेईन,” मी म्हणाले.

“आन् घर? येगळं बांधशील?”

मी पिशवी उघडली. ज्याचे उत्तर सापडत नाही तो प्रश्न बाजूला ठेवून ज्याचे सापडते तो आधी सोडवावा, असे मी परीक्षेआधी मुलांना सांगते.

गोळ्याचे बाहेरचे तुकडे एव्हाना सुटले होते. दादाच्या बर्फाने त्यांची गती रोखली होती, सुरुवातीचे काम पुसले नव्हते. मी ते एकेक करून पातेल्यात काढले. चांगले दोन जणांना पुरतील एवढे निघाले. राहिला तो आतला गाभा. मुठीएवढा, पांढुरका आणि त्याच्यावर अजूनही नारळ फुटला असता. मी तो हातात धरून विचार केला.

नियम असा आहे, की एकदा सुटलेले मांस पुन्हा गोठवू नये. मी हा नियम कधी मोडलेला नाही आणि मोडणार नाही. परंतु नियमाला पुढचा भागही आहे: ज्यात बर्फाचे कण अजून कायम आहेत, जे मुळी सुटलेलेच नाही, ते परत कप्प्यात ठेवायला हरकत नसते. गाभ्यावर नखाने ओरखडा काढला. बर्फाची भुकटी निघाली. मी दुसऱ्यांदा काढून खात्री केली. शंकेला जागा नको.

“दादा, हा भाग सुटलेला नाही.”

“मंग?”

“जे सुटलंय ते आज शिजवायचं. जे सुटलेलं नाही ते शिजवायची आज सोय नाही. बर्फ सुटायला वेळ लागेल आणि तुला चारची गाडी आहे. हा गाभा परत आत जाईल.”

दादा माझ्याकडे बघू लागला. त्याच्या नव्या भिंगाच्या डोळ्यातही मला काही तरी हळूहळू वितळताना दिसले. “आन् वाटा तर सगळा संपवायचा असतो,” तो म्हणाला.

“रीत तशीच आहे.”

“सगळा संपल्याबिगर कंदुरी फिटत न्हाई.”

“तू आजवर हेच सांगत आलास.”

“बराबर हाय,” दादा म्हणाला. आणि आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात त्याने ह्यांना हाक मारली, “जावईबापू, पत्ते काढा! डोळा बरा झाला!”

जेवण उशिरा झाले. मटण थोडे होते, म्हणून मी रस्सा वाढवला. दादाने भाकरी चुरली आणि पहिला घास घेण्यापूर्वी पिराच्या दिशेने हात जोडले. शेवटी वाटी पुसून घेत त्याने निकाल दिला, “खोबरं कमी भाजलंस. आई आसती, तर तुला उठवून परत भाजाया लावलं आसतं.”

चारची गाडी गेली आणि पाठोपाठ वहिनीचा फोन आला. या भागात मी सर्वांत सावध होते, कारण खोटे बोलण्याची मला सवय नाही आणि जमतही नाही.

“खाल्ला का सगळा?”

“जेवढा सुटला तेवढा खाल्ला, वहिनी. ताटात काही टाकलं नाही.”

“जेवढा सुटला म्हंजी?”

“आतला गाभा सुटला नाही. बर्फ फार घट्ट होता. तो परत ठेवलाय.”

देवापाशी ठेवलेली ती माळ मला डोळ्यांसमोर दिसत होती. मग वहिनी हसली का खोकली, हे फोनवर नीट कळले नाही.

“पुढल्या एकादशीला मंग.”

“पुढच्या एकादशीला नक्की. तो गाभा मी याच्यापुढे ठेवणार नाही. आणि वहिनी, आदल्या रात्रीच खाली उतरवून ठेवीन. सकाळपर्यंत आपोआप सुटेल.”

“ठेवा.” वहिनी म्हणाली. “आन् वन्सं, त्यांच्यासाठी येगळी भांडी घ्यायची, तर माज्यासाठीबी घ्या. दोघं जेवाया येऊ. बुवांना म्या सांगते काय सांगायचं ते.”

भांड्यांचे तिला कुणी सांगितले, हे मी विचारले नाही. गाडी कुरुंद्याला पोचायच्या आत दादाने फोन केला असणार. मटणाचे सांगितले नसेल, भांड्यांचे मात्र सांगितले.

मी बैठकीत गेले. बर्फाचा ट्रे भरला, वाटीत पाणी भरून ती गाभ्याच्या शेजारी ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी गोठले होते. मी त्यावर तोच रुपया ठेवला आणि पितळी भांड्यांच्या दुकानाकडे निघाले.